कामगाराची नोंद आणि तिची राखण



आपल्या खारेपाटात ‘खांड’ हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. उधाणाच्या रात्री खाडीचा बांध एका जागी फुटतो आणि खारे पाणी शेतात शिरते. ओहोटीबरोबर पाणी निघून जाते, पण मीठ जमिनीत राहते आणि पुढे कित्येक हंगाम भाताच्या मुळावर उठते. ज्याचे शेत बुडते त्याने बांध फोडलेला नसतो. तरी भोगावे त्यालाच लागते.

आजच्या विषयासाठी मी हाच शब्द घेतो. १९९० च्या दशकात डोलवीस पोलादाचा कारखाना उभा राहिला, धरमतरच्या खाडीत धक्के झाले, आणि मिठागरांच्या व भातशेतीच्या या पट्ट्यात हजेरीच्या शिट्टीवर दिवस मोजणारी माणसे आली. अशा प्रत्येक माणसाची माहिती आज कोणाच्या तरी यंत्रात साठलेली आहे: नाव, पत्ता, जन्मतारीख, आधार क्रमांक, पॅन क्रमांक, बँकेचे खाते, बोटांचे ठसे, चेहऱ्याचे छायाचित्र, वैद्यकीय तपासणीचा अहवाल, वारसांची नावे. या साठ्याच्या बांधाला खांड पडली, तर कामगाराचा हक्क काय आणि त्याने करावे काय, हा माझा विषय आहे. मी वकील नाही. कामगार संघटनेच्या कामात कायद्याची पुस्तके गरजेपोटी वाचत आलेला माणूस आहे. म्हणून कलमे सांगण्याआधी इतिहास सांगतो. इतिहासावाचून कलम हे नुसते आकडे असतात.

माझे म्हणणे थोडक्यात असे. आपल्या वाडवडिलांचा लढा नोंदीत नाव लागावे यासाठी होता. आपल्या पिढीचा लढा त्या नोंदीची राखण कोण व कशी करतो यासाठी आहे. हा दुसरा लढा पहिल्याचेच पुढचे पाऊल होय.

नाव लागण्याचा लढा

या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते तेव्हा येथे खोती होती. वही खोताची, लेखणी खोताची आणि हिशोबही खोताचाच. कुळाने पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसली तरी कागदोपत्री ते उपरेच राहत असे. १९३३ पासून १९३९ पर्यंत अलिबाग तालुक्यातील चरी व आसपासच्या गावांतील शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेते पडीक ठेवून संप केला. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १९३९ मध्ये कूळकायदा आला, १९४८ मध्ये तो अधिक व्यापक झाला, १९४९ च्या कायद्याने खोती गेली, आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनी कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे खरेदीदार मानले गेले. त्या दिवशी ज्याचे नाव कूळ म्हणून कागदावर होते त्याची वाट सोपी झाली. ज्याचे नव्हते त्याला पुरावा गोळा करत कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. नोंद म्हणजे काय, हे त्या पिढीला कोणी शिकवावे लागले नाही.

मुंबईच्या गिरण्यांतही हेच होते. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन फॅक्टरी कमिशनकडे दिले. आठवड्याची सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत पगार आणि अपघाताची भरपाई या त्यातील मागण्या होत्या. कामगारांनी आपली नावे मालकाच्या वहीसाठी न देता आपल्या कामासाठी एकत्र दिली, असा हा महाराष्ट्रातील फार जुना प्रसंग आहे. तरी पुढे कितीतरी वर्षे कामावर घेणे आणि काढणे जॉबरच्या हाती राहिले. १९२९ साली नेमलेल्या व्हिटले आयोगाने १९३१ च्या अहवालात जॉबरच्या लाचखोरीवर बोट ठेवले. १९३५ साली मुंबईत बदली नियंत्रणाची पद्धत आली आणि बदली कामगाराला कार्ड मिळाले. १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्याने हजेरीचे तिकीट आणि नोकरी सुटताना सेवेचा दाखला या गोष्टींना कायद्याचे रूप दिले. १९५२ मध्ये भविष्यनिर्वाह निधीचा कायदा झाला. १९६९ मध्ये माथाडी कामगारांसाठी महाराष्ट्राने कायदा केला आणि पाठीवर ओझे वाहणाऱ्या हमालाचे नाव मंडळाच्या पटावर आले. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार श्रमसंहिता अंमलात आल्या. त्यांत जुने अनेक कायदे विलीन झाले आणि प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र देण्याची तरतूद झाली.

ही सारी वाटचाल चांगलीच आहे. नोंद ही कामगाराची ढाल आहे, हे मी प्रथम सांगतो. कारण माहितीच्या चोरीची भीती दाखवून ‘मग नावे नोंदवूच नका’ असे म्हणणारे कंत्राटदारही निघतील. त्यांच्या बोलण्याला भुलू नये.

बोटांच्या ठशांची गोष्ट

आता त्याच नाण्याची दुसरी बाजू. बोटांच्या ठशांचा सरकारी उपयोग आपल्याच देशात सुरू झाला. १८५८ साली बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने रस्त्याची खडी पुरवण्याच्या करारावर राज्यधर कोनाई नावाच्या माणसाच्या हाताचा ठसा घेतला. करार नाकारता येऊ नये, एवढाच हेतू होता. पुढे कलकत्त्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी ठशांच्या वर्गीकरणाचे शास्त्र घडवण्यात मोठा वाटा उचलला आणि १८९७ साली तेथे ठसे जतन करणारी कचेरी निघाली. करारासाठी निघालेली वस्तू काही दशकांत गुन्हेगार ओळखण्याचे साधन झाली.

१९०६ साली दक्षिण आफ्रिकेतील ट्रान्सवाल सरकारने तेथील हिंदी लोकांवर ठसे देऊन नोंदणी करण्याची सक्ती आणली. ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्ग येथे सभा होऊन विरोधाची शपथ घेतली गेली. तो सत्याग्रहाचा आरंभ होय. १९०८ च्या आरंभी तडजोड झाली तेव्हा गांधीजींनी स्वेच्छेने ठसे दिले आणि त्यापायी आपल्याच माणसाच्या हातचा मारही खाल्ला. सरकारने शब्द पाळला नाही, तेव्हा त्याच वर्षी १६ ऑगस्टला दोन हजारांवर परवान्यांची होळी झाली. ठसा देण्यात पाप नव्हते. तो कोणत्या विश्वासावर दिला आणि घेणाऱ्याने तो विश्वास पाळला की नाही, हा खरा प्रश्न होता. शंभरावर वर्षे उलटली तरी प्रश्न तोच आहे.

स्वतंत्र भारतातील न्यायालयांनीही त्याचे उत्तर हळूहळू दिले. आयुर्विमा महामंडळात लागलेल्या एका महिलेने नोकरीच्या अर्जातील तिच्या मासिक पाळीविषयीच्या प्रश्नांना चुकीची उत्तरे दिली म्हणून तिला काढण्यात आले. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने तिला परत घेण्यास सांगितले आणि असले लाजिरवाणे रकाने अर्जातून गाळावेत असे महामंडळास बजावले. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे एका सरकारी मालकीच्या संस्थेतील हंगामी कामगाराचा दावा आला. रक्ततपासणीत एचआयव्ही आढळल्याने त्याचे काम थांबवले होते. न्यायालयाने त्याला खरे नाव उघड न करता दावा चालवू दिला आणि काम करण्यास तो समर्थ असता केवळ त्या आजारापायी नाकारणे बेकायदा ठरवले. निकालपत्रात तो आजही दोन अक्षरांनीच ओळखला जातो. कामगाराच्या माहितीची राखण कशी करावी, याचा पाठ न्यायालयाने स्वतःच्या वागण्यातून घालून दिला. शेवटी २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की खासगीपणा हा राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क आहे.

खांड पडते तेव्हा

हक्क मान्य झाला म्हणून बांध पक्का होत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये टाटा पॉवर कंपनीने आपल्या संगणक व्यवस्थेवर हल्ला झाल्याचे शेअरबाजारास कळवले. या कंपनीची भिरा आणि खोपोली येथील वीजघरे आपल्याच जिल्ह्यात आहेत. कंपनीने वीजपुरवठ्याच्या महत्त्वाच्या यंत्रणा चालू असल्याचे सांगितले. पण काही दिवसांत ‘हाइव्ह’ नावाच्या खंडणीखोर टोळीने चोरलेली माहिती उघड्यावर टाकली, आणि तीत नोकरांचे आधार व पॅन क्रमांक आणि पगाराचा तपशील असल्याच्या बातम्या आल्या. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकन, जर्मन व डच पोलिसांनी मिळून त्या टोळीचा तळ उद्ध्वस्त केला. परंतु टोळी मोडली म्हणून बाहेर गेलेला क्रमांक परत येत नाही. पासवर्ड बदलता येतो. जन्मतारीख आणि अंगठा बदलता येत नाही.

भविष्यनिर्वाह निधीची गोष्ट त्याआधीची. आधार जोडणीसाठी बाहेरच्या संस्थेमार्फत चालणाऱ्या संकेतस्थळातील उणिवांतून माहिती चोरली गेल्याचा उल्लेख असलेले निधी आयुक्तांचे मार्च २०१८ चे पत्र मे महिन्यात वृत्तपत्रांत आले. संघटनेने माहिती फुटल्याचे नाकारले आणि ती सेवा आधीच थांबवल्याचे सांगितले. खरे-खोटे काहीही असो; त्या काळी सभासदाला घरी पत्र पाठवून ‘तुझ्या माहितीचे असे असे झाले आहे’ हे कळवण्याचे बंधन कोणत्याच कायद्याने घातले नव्हते.

परदेशांतील दोन दाखले येथे उपयोगी पडतात. इंग्लंडमध्ये मॉरिसन्स या दुकान कंपनीच्या एका नाराज नोकराने २०१४ साली सुमारे एक लाख सहकाऱ्यांचा पगाराचा तपशील फोडला. त्याला तुरुंगवास झाला. हजारो नोकरांनी कंपनीवर दावा लावला, खालच्या दोन न्यायालयांत जिंकले आणि १ एप्रिल २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयात हरले. नोकराच्या सूडाबद्दल मालक जबाबदार नाही असा निर्णय झाला. अमेरिकेत २०१५ साली सरकारी नोकरवर्गाच्या कार्यालयातून २ कोटी १५ लाख माणसांची माहिती चोरीस गेली. तीत ५६ लाखांचे बोटांचे ठसे होते. तेथे सरकारी नोकरांची संघटना स्वतः न्यायालयात गेली. २०१७ साली दावा फेटाळला गेला, २०१९ साली अपिलात तो जिवंत झाला, आणि २०२२ साली ६ कोटी ३० लाख डॉलरांची तडजोड मान्य झाली. ज्यांना प्रत्यक्ष खर्च वा नुकसान सोसावे लागले त्यांना किमान ७०० डॉलर मिळण्याची सोय त्यात होती. एकट्या कामगाराला सात वर्षे हा दावा ओढता आला असता का, याचा विचार आपणच करावा.

आपल्या कायद्याची घडण

आता आपल्याकडील कायदा. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. त्यात २००९ पासून अंमलात आलेले कलम ४३-अ सांगते की बँक खाते, वैद्यकीय माहिती, ठसे अशी संवेदनशील माहिती बाळगणाऱ्या कंपनीने वाजवी सुरक्षेत हयगय केली आणि त्यामुळे कोणाचे नुकसान झाले, तर तिने भरपाई द्यावी. पाच कोटी रुपयांपर्यंतचा दावा राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे, न्यायनिर्णय अधिकारी या नात्याने, चालतो. एप्रिल २०२२ च्या आदेशाने संस्थांनी असा हल्ला ध्यानात आल्यापासून सहा तासांत केंद्राच्या ‘सर्ट-इन’ या कार्यालयास कळवणे बंधनकारक झाले. मात्र ते कळवणे सरकारला, कामगाराला नव्हे.

ही उणीव ऑगस्ट २०२३ मध्ये झालेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने भरून काढली. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मुख्य कलमांना अठरा महिन्यांची, म्हणजे मे २०२७ पर्यंतची, मुदत ठेवली गेली. या कायद्याने मालकावर तीन बंधने येतात. एक, माहितीचे वाजवी संरक्षण. दोन, खांड पडताच विनाविलंब प्रत्येक बाधित व्यक्तीला कळवणे: काय, केव्हा व किती गेले, परिणाम काय संभवतात, मालकाने काय केले, बाधिताने काय करावे आणि कोणास विचारावे. माहिती संरक्षण मंडळाला ७२ तासांत सविस्तर अहवालही द्यावा लागतो. तीन, पगारपत्रक करणारी बाहेरची संस्था असली तरी जबाबदारी, करारात काहीही लिहिलेले असो, तिला काम देणाऱ्याचीच. कंत्राटी कामगारांनी हे तिसरे बंधन पाठ करून ठेवावे. संरक्षणात कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत आणि न कळवल्यास २०० कोटींपर्यंत दंड आहे.

हे ऐकून टाळ्या वाजवण्याआधी पुढचे ऐका. हा दंड भारताच्या संचित निधीत जमा होतो. ज्याचे खाते रिकामे झाले त्याला त्यातला एक पैसा मिळत नाही. नव्या कायद्याची मुख्य कलमे ज्या दिवशी लागू होतील, त्याच दिवशी भरपाई देणारे जुने कलम ४३-अ रद्द व्हावे अशी योजना आहे. मंडळाच्या अधिकारातील बाबींपुरता दिवाणी न्यायालयाचा दरवाजाही बंद केला आहे. शिवाय नोकरीच्या कारणासाठी माहिती वापरण्यास मालकाला कामगाराची संमती लागत नाही. आणि माहिती पाहण्याचा व पुसून घेण्याचा हक्क कायद्याने संमतीने दिलेल्या माहितीशी जोडला आहे. बांध राखला नाही म्हणून सरकार दंड वसूल करील, आणि ज्याच्या शेतात मीठ उतरले तो तसाच बसेल, अशी ही व्यवस्था आहे. तिच्यात सुधारणा मागणे हे संघटनांचे काम आहे.

करावयाच्या गोष्टी

तोवर कामगाराने काय करावे? प्रथम, जे घडले ते लेखी विचारावे: माझी कोणती माहिती गेली, कोणत्या तारखेस, कोणाकडून. अर्जाची पोच घ्यावी आणि आलेले सर्व संदेश जपून ठेवावेत. तोंडी आश्वासनाला न्यायालयात वजन नसते. नव्या कायद्यातही मंडळाकडे जाण्याआधी मालकाच्याच तक्रार निवारणाकडे जावे लागते. तेव्हा ही पोच पुढे कामी येते.

दुसरे, बँकेला कळवावे आणि बँकेचे व भविष्यनिर्वाह निधीचे पासवर्ड बदलावेत. निधीचे पासबुक व नोंदवलेला मोबाईल क्रमांक तपासावा. खांड पडल्यावर जे फोन येतात ते हुशारीचे असतात. बोलणारा तुमचे नाव, तिकीट क्रमांक, बापाचे नाव बिनचूक सांगतो. चोराकडे कागद असला की त्याला नाव ठाऊक असणारच. तेवढ्यावरून तो साहेब ठरत नाही. ओटीपी कोणालाही सांगू नये.

तिसरे, आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर ठशांना कुलूप लावता येते. १९४७ या क्रमांकावर चौकशी करता येते. मात्र कुलूप असताना रेशन दुकानात अंगठा चालणार नाही, तेव्हा गरजेपुरते ते उघडावे लागते, हे घरी सांगून ठेवावे.

चौथे, आपल्या नावावर कोणी कर्ज काढले का हे पाहावे. पतमाहिती ठेवणाऱ्या चारही कंपन्यांकडून प्रत्येकी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. आपल्या नावावर किती मोबाईल जोडण्या आहेत हे दूरसंचार खात्याच्या ‘संचार साथी’वर दिसते.

पाचवे, पैसे गेलेच तर घटकाभरही न थांबता १९३० या क्रमांकावर कळवावे आणि बँकेस लेखी द्यावे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाने असे ठरवले की दोष ग्राहकाचा वा बँकेचा नसून तिसऱ्याच ठिकाणचा असेल आणि ग्राहकाने तीन कामाच्या दिवसांत कळवले, तर तोटा त्याच्या माथी येत नाही. हे तीन दिवस ‘बघू, विचारू’ यातच वाया जातात. नुकसान मालकाच्या हयगयीने झाले असेल तर कलम ४३-अ लागू आहे तोवर भरपाईचा अर्ज करावा.

येथपर्यंत एकट्याने करता येते. पुढचे काम संघटनेचे आहे. कायदा भरपाई देत नसेल, तर ती करारात लिहून घ्यावी. पगारवाढीच्या मागणीपत्रात आपण कॅन्टीन, बूट, साबण यांची कलमे घालतो. तशीच ही घालावीत: कामगाराची कोणती माहिती घेतली जाते व कोणत्या कंत्राटदाराकडे जाते याची यादी फलकावर लागेल, कामास न लागणारी माहिती मागितली जाणार नाही, नोकरी सुटल्यावर कायद्याने ठेवावी लागते त्याहून अधिक माहिती ठेवली जाणार नाही, माहिती फुटल्यास संघटनेला त्याच दिवशी कळवले जाईल, आणि कामगाराचे झालेले नुकसान व त्यासाठी बुडालेली हजेरी मालक भरून देईल. यातले एकही कलम कारखाना बुडवणारे नाही. कॅन्टीनही पूर्वी मालकाला चैन वाटत असे.

खाडीचा बांध कोणा एकाच्या शेतापुरता राखता येत नाही, हे आपल्या भागातील शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. शेजाऱ्याच्या हद्दीत खांड पडली तरी पाणी आपल्याही खाचरात येते. म्हणून भरतीची वेळ पाहून गावकरी मिळून मातीच्या पाट्या टाकीत. एका कंत्राटदाराच्या निष्काळजी यंत्रातून कायम कामगाराचीही माहिती जाऊ शकते, तेव्हा कायम आणि कंत्राटी हा भेद येथे तरी बाजूला ठेवावा. मे २०२७ ही तारीख आपल्या कॅलेंडरावर आजच लिहून ठेवा. नवे कायदे त्या दिवशी बोलू लागतील. आपले करार त्याआधी बोलले पाहिजेत.